मार्तंडचं इंग्रजी

रविवार, ६ ऑगस्ट १९७८

आज डोकं इतकं तापलं की बर्डीवरून धरमपेठेपर्यंत पायीच आलो. रिक्षावाला मागे लागला होता, त्याच्यावरही खेकसलो. कारण एकच. मार्तंड.

विदर्भाचा ज्ञानकोश इंग्रजीत काढायचा हे ठरलं माझ्याच आग्रहानं. मराठीत काढला असता तर पुणेवाल्यांनी आमच्या 'करून राहिलो'ला हसून पहिल्याच पानावर पुस्तक मिटलं असतं. इंग्रजीत ती भानगड नाही, तिथे तेही परके अन् आम्हीही परके. कुणाला एक दमडी मिळत नाही. दर रविवारी दुपारी बर्डीवर आमच्या अध्यक्षांच्या, महादेवरावांच्या, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत बसायचं, आलेले लेख तपासायचे, इंग्रजी घासूनपुसून लख्ख करायचं. संपादक दोन. मी आणि मार्तंड लांजेवार. दोघांच्या सह्या पडल्याशिवाय लेख छापखान्यात जात नाही. हा नियमही मार्तंडनंच घातला. "एकट्या मानसाचं डोकं फिरू शकते गा," म्हणाला होता. आता त्याचंच फिरलं आहे.

नागपुरातल्या वाचनालयांवरचा लेख त्याच्याकडे होता. पठ्ठ्यानं 'लायब्ररी' शब्द सगळीकडे काढून त्याजागी 'पुस्तकं ठेवायची जागा' असं इंग्रजीत लिहून आणलं. मी म्हटलं, अरे हे काय? तर हसून म्हणतो, "सोपं आहे न. कोनालेही समजते." वसंत (कॉलेजात नवा लागलेला लेक्चरर, आमच्यात सगळ्यात लहान) लगेच खूश. म्हणे विलायतेत आता अशाच सोप्या इंग्रजीची चलती आहे, सर. झालं! मार्तंडनं तेच धरलं. "हो न. सोपं इंग्रजी. आपली पॉलिसी."

पॉलिसी म्हणे. तीस वर्षं आम्ही एका शाळेत इंग्रजी शिकवलं. अर्धविराम कुठे टाकायचा हे मला या माणसानं शिकवलं, स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, तोंडात पानाचा तोबरा घेऊन. पण मूळचा ढिलाच. बोर्डाचे पेपर तपासायला बसलो की दोन मार्कांनी अडलेला पोरगा हा हमखास पुढे ढकलायचा. "देऊन टाक गा, कोन्या गावचं लेकरू असंल." मी कधी दिले नाहीत. पोरं मला खडूस म्हणायची, म्हणोत.

रविवार, २० ऑगस्ट

मार्तंड उशिरा आला. आधी जुन्या शाळेत जाऊन बसला होता म्हणे, तिथून कुणीतरी इकडे आणून सोडलं. मी समजायचं ते समजलो. त्या दिवशी 'लायब्ररी'वरून मी बोललो त्याचा राग आहे. सरळ सांगायचं सोडून असले बहिष्काराचे चाळे.

आज त्याच्या लेखात चक्क रिकाम्या जागा. वाक्य चाललंय, चाललंय, आणि मध्येच बोटभर कोरी जागा सोडून पुढे. विचारलं तर म्हणे, "वाचनारा भरंल न." मी म्हटलं, हा ज्ञानकोश आहे की गाळलेल्या जागा भरा? वसंत हसला. मार्तंडही हसला, पण वसंत हसला म्हणून हसला असं मला वाटलं. महादेवराव हसले नाहीत. खाली बघून म्हणाले, "जाऊ द्या न मधुकरराव, तुम्ही भरून घ्या." अध्यक्षांनीच असं म्हटल्यावर काय बोलायचं!

आणखी एक. पूर्वी बैठकीत आम्ही दोघं कटाक्षानं इंग्रजीतच बोलायचो, तो त्याचाच हट्ट. आता तो एक शब्द इंग्रजी काढत नाही. आणि मला मधुकर म्हणायचं सोडून 'मास्तर' म्हणतो. चारचौघांत! मी नियमांवर बोट ठेवतो म्हणून हा टोमणा. मलाही कळतं.

खाली दुकानाच्या बाकावर मार्तंडची बायको, प्रेमिलावहिनी, बसल्या होत्या. आजकाल दर वेळी त्याच्या मागोमाग येतात. हुडकेश्वरच्या घरून दोन बस बदलून यायचं आणि दुपारभर बाकावर बसायचं, कशासाठी? वर आमची काय भांडणं चालतात ते ऐकायला, दुसरं काय. महादेवरावांनी त्यांना एक पुडकं दिलं, पैसे घेतले नाहीत.

रविवार, ३ सप्टेंबर

काल पोळा झाला, आज मारबतीचे पुतळे, गावची इडापिडा सोबत घालून जाळायला नेतात ते. महाल भागातून येणारे सगळे रस्ते तुंबलेले. काळी मारबत, पिवळी मारबत, ढोल, गुलाल आणि पोरांची आरडाओरड, खोकला घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. मी गर्दीत अडकून उभा होतो. मनात म्हटलं, आमच्या मार्तंडचं हे नवं इंग्रजी पण घेऊन जा गे मारबत! एवढ्या वैतागात माझं मलाच हसू आलं.

खोलीवर पोचलो तर मार्तंड आधीच हजर. पोळ्यावरचा लेख घेऊन आला होता. सहा महिने झाले तो लेख त्याच्याकडे आहे. काटोलकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, पोळ्यावर त्याच्याहून चांगलं कोण लिहिणार, म्हणून मीच त्याला दिला होता. चांगला दहा पानी, संदर्भ देऊन लिहिलेला लेख येईल या आशेवर मी होतो.

आलं अर्धं पान.

'ऑन धिस डे बुल डज नॉट वर्क. मॅन वॉशेस बुल. मॅन फीड्स बुल फर्स्ट. देन मॅन ईट्स. मॅन सेज टू बुल, आय हिट यू ऑल इयर. डोन्ट बी अँग्री.' असंच पुढे, आणखी सात-आठ ओळी. शेवटी, 'माय फादर क्राइड दॅट डे. एव्हरी इयर.'

मी विचारलं, 'बुल'च्या आधी ना 'अ' ना 'द'? हा कोणता बैल मार्तंड, एखादा, की ठरावीक? तो म्हणाला, "सगळे." वसंत खुर्चीतून उठलाच. म्हणे, सर, याला हात लावू नका, आख्ख्या खंडात असा लेख नाही. मी म्हटलं, दिल्लीचे प्रोफेसर प्रस्तावना लिहिणार आहेत, त्यांच्यापुढे हे ठेवू? 'माझे वडील रडायचे' हे ज्ञानकोशात लिहितात का? नागपूरच्या लोकांना दोन वाक्यं जोडता येत नाहीत म्हणून हसतील ते.

मार्तंड माझी लाल पेन्सिल हातात घेऊन तिचं टोक बघत बसला.

मंगळवार, ५ सप्टेंबर

लेख तपासला. अर्ध्या पानावर लाल खुणा इतक्या की मूळ अक्षर दिसेना. मला आनंद होतो असं कुणी समजू नये. रात्री जेवण गेलं नाही. सुशीला गेल्यापासून घर रिकामं, हा रविवारच काय तो माझा, आणि मार्तंडनं तोही नासवला.

रविवार, १० सप्टेंबर

जिन्यात प्रेमिलावहिनींनी अडवलं. तीस वर्षांत या बाई माझ्याशी 'चहा घेता का' यापलीकडे बोललेल्या नाहीत. आज पदर घट्ट धरून म्हणाल्या, "भाऊजी, लेख छापा, नाही तं नका छापू. पन तेवढा इतवार राहू द्या त्यायले. आठोडाभर ते इतवाराचीच वाट पायतात. मले दहा डाव विचारतात, आज इतवार आहे का वं?"

मी म्हटलं, वहिनी, कुणी येऊ नको म्हटलं का? पण संपादक म्हणून सही करायची तर काम नीट करावं लागतं. त्या म्हणाल्या, "काम करून राहिले न ते. लय मेहनत करून राहिले." डोळे भरून आले होते. आणखी काही बोलणार होत्या, तेवढ्यात वरून मार्तंडनं हाक मारली, "काय सांगून राहिली वं त्यायले?" त्या तशाच खाली बाकावर जाऊन बसल्या.

नवऱ्याची वकिली करायला बायकोला पुढे केलं! मार्तंड इतका खाली उतरेल असं वाटलं नव्हतं. मन फार कडू झालं.

रविवार, १७ सप्टेंबर

झालं एकदाचं.

मी ठराव मांडला, मार्तंडराव लांजेवार यांना संपादकपदातून मोकळं करावं आणि यापुढे लेख एकाच सहीनं जावेत. छापखानेवाला दिवाळीनंतर थांबणार नाही आणि मार्तंडच्या सहीसाठी अकरा लेख अडकलेत, हे खरंच आहे. वसंत भांडला. इतका की शेवटी मला 'तुम्ही माणूस बघत नाही, फक्त ओळ बघता' असं म्हणाला. सर म्हणायचंही विसरला. महादेवराव म्हणाले, मी कुणाच्याच बाजूनं नाही, आणि चष्मा काढून पुसत बसले. ठराव पडणार असंच वाटत होतं.

मी म्हटलं, ठरावाच्या बाजूनं कोण? आणि हात वर केला. मार्तंड माझ्या शेजारी बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्यानंही हात वर केला.

वसंत ओरडला, "मार्तंडसर, अहो तुम्हालाच काढताहेत!" तरी हात वरच. हसत होता. मी दोन विरुद्ध एक असं लिहून घेतलं. स्वतःची चूक कबूल केली म्हणायचं की नाटक म्हणायचं? निघताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पुढच्या इतवारी भेटू गा."

इतका निर्लज्जपणा! की मोठेपणा? काही कळेना.

सोमवार, १८ सप्टेंबर

तो हात डोळ्यांपुढून जात नाही.

रविवार, ८ ऑक्टोबर

काम कसं भराभर होतंय. तीन रविवारांत सगळे अकरा लेख छापखान्यात गेले. पोळ्यावरचा लेख मी नव्यानं लिहिला. कृषिसंस्कृती, पशुपूजेची परंपरा, प्रदेशानुसार फरक, सगळं आलं. एकेक वाक्य चार ओळींचं, पण कुठे अडखळणार नाही. वसंतला वाचून दाखवला. तो म्हणाला, "सर, यात बैल मेला." उठला आणि गेला. आजपासून येणार नाही म्हणे.

महादेवराव खाली गिऱ्हाइकं बघतात, वर येत नाहीत. खोलीत मी एकटाच बसून होतो. इंग्रजी अगदी शुद्ध आहे आता, भांडायला कुणी नाही. घरी आलो, वरणभात केला, अर्धा टाकला. मार्तंड पुढच्या इतवारी भेटू म्हणाला होता, आला नाही. मी तरी कशाला वाट बघावी?

रविवार, १५ ऑक्टोबर

घरी आलो तो आधी वही काढली.

दुपारी व्हरायटी चौकात उतरलो, तर दसरा उरकून दिवाळीच्या खरेदीची गर्दी. त्या गर्दीत मधोमध मार्तंड. धुतलेलं धोतर, कोट, हातात ती कागदांची पिशवी. आजूबाजूनं सायकली, ऑटो घंटा-भोंगे वाजवत जात होते आणि हा खांबासारखा उभा. मला वाटलं, जाब विचारायला आला. मी दुसऱ्या बाजूनं सटकणार, तेवढ्यात त्यानं बघितलं. चेहरा असा उजळला. जवळ येऊन मला नमस्कार केला आणि विचारलं, "मास्तर, बर्डी कोन्या बाजूनं आहे गा?"

बर्डीवर उभा राहून बर्डी विचारतोय. मी चिडून म्हटलं, पुरे कर मार्तंड तुझी थट्टा! तो घाबरला. खरंच घाबरला, दोन पावलं मागे सरला, पोरगं सरतं तसा. तेव्हा मला काहीतरी चुकतंय असं पहिल्यांदा वाटलं.

मागून प्रेमिलावहिनी धावत आल्या. घामाघूम, पायांत एकच चप्पल. त्याचा हात धरला आणि भर चौकात रडायला लागल्या. "इतवार झाला की पिशवी घेऊन निघतात भाऊजी. मी दाराले कडी लावतो तं खिडकीतून हाका मारतात, मधुकर वाट पायत असंल म्हनतात. आज जरा डोळा लागला माहा, तं निघाले."

मधुकर वाट पाहत असेल. मला मधुकर म्हणून ओळखत नव्हता, पण मधुकर त्याला ठाऊक होता.

वेड्यासारखा विचारत सुटलो. त्यांनी सांगितलं, दोन वर्षं झाली. मेडिकलच्या डॉक्टरनं सांगितलं, मेंदू सुकून राहिला, औषध नाही, फक्त झोपेच्या अन् ताकदीच्या गोळ्या. शेवटी शिकलेलं आधी जाते म्हणाले, म्हणून इंग्रजी आधी जाऊन राहिलं. जेवढं जमंल तेवढं वाचू-लिहू द्या, चार मानसांत बसू द्या, तेवढंच धरून ठेवंल. "अर्धं पान लिहाले पूर्न उन्हाळा लागला त्यायले. पहाटे उठून बसत. एक शब्द आठवला की मले उठवत, सापडला वं, सापडला."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? "त्यायनं शपथ घातली होती. मधुकरले कळलं तं तो मले चुका माफ करंल म्हने. मले त्याची माफी नाही पायजे, त्याच्या बरोबरीनं बसाचं आहे."

महादेवरावांना ठाऊक होतं. पुडकी तेच बांधत होते. वसंतला ठाऊक नव्हतं, पण त्याला दिसलं. मला तीस वर्षांच्या मित्राच्या तोंडावर काय लिहिलंय ते वाचता आलं नाही, आणि मी स्वतःला तपासनीस म्हणवतो.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

पॉलिसी नव्हती. शब्द सापडत नव्हते, म्हणून पॉलिसी होती. मी त्या रिकाम्या जागांना हसलो.

त्यानं हात वर का केला तेही कळलं. ठराव बिराव काही त्याच्या कानावर पडलाच नव्हता. शाळेच्या प्रत्येक सभेत तो माझ्याकडे बघायचा आणि मी हात वर केला की करायचा. त्यानं मला मत दिलं. मी ते मोजलं.

त्या दिवशी गर्दीत उभं राहून मी मारबतीला काय म्हटलं होतं? घेऊन गेली ती. सगळं घेऊन गेली.

रविवार, २२ ऑक्टोबर

दुपारच्या बसनं हुडकेश्वरला गेलो. मैलभर शेतांतून पायी. खोलीवर जायचं नव्हतंच, तिथे आहे कोण? पिशवीत पोळ्यावरचा लेख घेतला होता, त्याचा, लाल खुणांसकट. माझा चार ओळींच्या वाक्यांचा लेख काल छापखान्यातून परत आणून फाडला. छापखानेवाला शिव्या घालत होता. घालू दे.

मार्तंड अंगणात खाटेवर बसला होता. वहिनींनी सांगितलं, "मास्तर आले." त्यानं सरकून जागा दिली. मी कागद त्याच्या मांडीवर ठेवला. काय बोलायचं ते सगळ्या वाटेनं ठरवलं होतं, माफी मागायची होती. ते राहिलं. नुसतं म्हटलं, "वाचून बघ."

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, लाल खुणांवरून बोट फिरवलं. अक्षर स्वतःचं आहे हे त्याला कळलं नाही. पण लाल पेन्सिल कळली. पाठ ताठ झाली, भुवया वर गेल्या, अगदी बोर्डाच्या पेपरांच्या ढिगापुढे बसायचा तसा.

"भल्लं काटलं गा पोराले," म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "फार काटलं."

"नापास होते?"

"दोन मार्कांनी अडला आहे."

त्यानं पुन्हा एकदा कागद बघितला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, समजूत घालावी तसं म्हणाला, "देऊन टाक न गा. कोन्या गावचा आहे?"

"काटोलकडचा."

"मंग तं देच."

मी खिशातून पेन काढला आणि त्याच्यासमोर लेखाखाली सही केली. मग पेन त्याच्या हातात दिला. त्यानं तो घेतला, नीट उलटसुलट करून बघितला आणि मला परत दिला. "तुमची झाली न सही मास्तर? मंग माह्यी कायले?"

त्याची जागा कोरीच ठेवली आहे. लेख असाच जाईल, एकही शब्द न बदलता, वडील रडायचे त्या ओळीसकट. प्रोफेसरांना हसायचं तर हसू देत. उद्या महादेवरावांना सांगून तो ठराव रद्द करायचा, आणि दुपारची बैठक यापुढे या अंगणात घ्यायची. वसंतला मी स्वतः जाऊन बोलावणार.

मी उठलो तेव्हा तो आत तोंड करून ओरडला, "मास्तरले चहा मांड वं! लोकं उगाच कडक म्हनतात या मानसाले."

वहिनी चुलीपाशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मी परत खाटेवर बसलो. चहा व्हायला वेळ लागला. तोवर तो मला सांगत राहिला, त्याचा एक दोस्त आहे, मधुकर नावाचा, इंग्रजीत लय हुशार, इतवारी येनार आहे.